पदव्युत्तर वर्गाची पैसेवारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सप्टेंबर संपत आला, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात पारावर, बँकेत, एस.टी.च्या थांब्यावर एकच चौकशी सुरू होते, 'यंदा पैसेवारी किती?' जुनी माणसे तिला अजून आणेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत मोडणार आणि पोरांची परीक्षा फी माफ होणार, हा हिशेब इथल्या शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. दुष्काळ ठरवण्याचे निकष मधल्या काळात बदलले, उपग्रहाची माहिती आली, तरी पैसेवारी जाहीर होतेच.

या पैसेवारीच्या प्रकारांपैकी दोन इथे महत्त्वाचे आहेत. पहिली नजरअंदाज. उभ्या पिकाकडे बांधावरून पाहायचे आणि आकडा सांगायचा. दुसरी अंतिम. तिच्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात. चिठ्ठी टाकल्यासारखे कोणतेही शेत निवडायचे, त्यातला ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. बांधावरून हिरवेगार दिसणारे पीक कापल्यावर हलके भरते, हे काही तुम्हाला मी सांगायला नको.

आज मला बोलायचे आहे ते शेताबद्दल नाही, तर विद्यापीठातल्या पदव्युत्तर वर्गांबद्दल. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम., एम.बी.ए. असे जे वर्ग आपल्या भागात चालतात, ते आपले काम कसे चालले आहे हे स्वतःच कसे तपासतात? आणि तपासल्यावर सुधारतात का? माझे म्हणणे थोडक्यात असे, की नजरअंदाज पैसेवारी पुष्कळ होते. पीक कापून वजन करण्याचे काम मात्र क्वचित होते.

हा विषय फक्त प्राध्यापकांचा आहे, असे कोणी समजू नये. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्यापूर्वी इथल्या महाविद्यालयांचे नाते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी होते. १९५८ नंतरही एम.ए. करायचे तर आपल्या जिल्ह्यातून अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, खोली, खाणावळ असा खर्च होता. १९९४ मध्ये या विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि २००४ मध्ये त्याचे उपकेंद्र आपल्या शहरात सुरू झाले. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र यांसारख्या विषयांचे उच्च शिक्षण घराजवळ आले.

घराजवळ आले, याचा अर्थ काय? ज्यांना पुणे, मुंबई, हैदराबाद परवडते ते आजही तिकडे जातातच. घराजवळच्या वर्गावर अवलंबून असतात ते बाकीचे. ज्या मुलीला 'संध्याकाळी घरी येणार असशील तर शीक' असे सांगितले जाते, ती. जो मुलगा सकाळी दूध घालून परंड्याहून, भूमहून, कळंबहून, उमरग्याहून एस.टी. धरतो, तो. त्यांच्यापुढे दुसरे विद्यापीठ नसते. त्यांचा वर्ग कमजोर निघाला, तर त्यांची दोन वर्षे गेली आणि घरच्यांचा पुढचा विश्वासही गेला. धाकट्या बहिणीला मग 'ताई शिकून काय झाले?' हे वाक्य ऐकावे लागते. म्हणून वर्गाने स्वतःचे मोजमाप करणे हा कागदोपत्री सोपस्कार राहत नाही. त्यात माणसांची वर्षे गुंतलेली असतात.

आता आजची व्यवस्था काय आहे ते पाहू. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद, म्हणजे आपण जिला 'नॅक' म्हणतो ती, स्थापन केली. तिचे कार्यालय बंगळूरला आहे. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मदत व त्यांची प्रगती, प्रशासन, संस्थेची मूल्ये व चांगले उपक्रम अशा सात निकषांवर संस्था स्वतःचा अहवाल लिहिते, मग बाहेरची समिती पडताळणी करते. त्यासाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आला. २०१७ पासून विद्यार्थ्यांचे समाधान मोजणारी पाहणीही या मूल्यांकनाचा भाग झाली.

या व्यवस्थेने चांगले बरेच केले. पूर्वी ज्या विभागात माजी विद्यार्थ्यांची यादीसुद्धा मिळत नसे, तिथे नोंदी ठेवायची सवय लागली. पण तिला मर्यादाही आहेत. नॅक मोजते ती सबंध संस्था. तिच्या पोटातला एखादा पंचवीस विद्यार्थ्यांचा एम.एस्सी.चा वर्ग चांगला चालला आहे की खिळखिळा झाला आहे, हे त्या एका श्रेणीतून कळत नाही. शिवाय श्रेणीला प्रतिष्ठा आणि पैसा चिकटला, की श्रेणीसाठीच धावपळ सुरू होते. २०२५ च्या फेब्रुवारीत लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अशा एका पाहणी समितीतल्या सदस्यांना अटक केली, ही बातमी आपण वाचली असेल. त्याआधीच, २०२४ मध्ये, श्रेणी देण्याऐवजी 'मानांकित आहे की नाही' एवढेच सांगणारी पद्धत आणण्याचे नॅकने जाहीर केले होते. बाहेरची तपासणी काही वर्षांनी एकदा होते. वर्ग मात्र रोज भरतो. म्हणून रोजचे मोजमाप वर्गानेच केले पाहिजे.

सगळ्यांत रूढ मोजमाप म्हणजे अभिप्रायाचा फॉर्म. सत्राच्या शेवटी तो वाटला जातो. 'शिक्षक विषय समजावून सांगतात का?' एक ते पाच यांपैकी एका आकड्याला गोल करा. याविषयी अमेरिकेतला एक गाजलेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातल्या संशोधकांनी एका नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' असे नाव देऊन मोठा तज्ज्ञ म्हणून उभे केले. श्रोते होते मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक अशी जाणती मंडळी. भाषणात अर्थ जवळजवळ नव्हता. परस्परविरोधी विधाने होती, बनावट शब्द होते, पण बोलणे मिठ्ठास आणि विनोदी होते. श्रोत्यांनी अभिप्रायात त्याला चांगले गुण दिले. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बांधावरून हिरवे दिसले, ते असे.

मग अभिप्राय घेऊच नये का? जरूर घ्यावा, पण आपल्याकडची परिस्थिती ओळखून घ्यावा. आपल्या पदव्युत्तर वर्गांत कधी बारा तर कधी वीस विद्यार्थी असतात. बारा जणांच्या वर्गात नाव न लिहिता दिलेला कागदही अक्षरावरून ओळखू येतो. त्यातून अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हातात. अशा वेळी शहाणा विद्यार्थी पाचला गोल करून मोकळा होतो. त्यावर उपाय अवघड नाही. अभिप्राय दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने घ्यावा, त्याचा सारांश टाइप करून द्यावा आणि मूळ कागद विभागात येऊच नयेत. प्रश्न मराठीत असावेत. इंग्रजी फॉर्मवर 'गुड' आणि 'व्हेरी गुड' यांपलीकडे मुले लिहीत नाहीत. मराठीत विचारले तर 'प्रॅक्टिकल चार वाजता ठेवता आणि आमच्या गावची शेवटची गाडी पाचला सुटते' असे नेमके उत्तर येऊ शकते.

आणि वेळेचे काय? सत्र संपल्यावर घेतलेल्या अभिप्रायाचा त्या विद्यार्थ्याला काहीच उपयोग नसतो. आजारी माणूस घरी गेल्यावर औषध लिहून देण्यासारखे ते आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारावेत. कोणता भाग समजला नाही? आणि आम्ही काय बदलले तर तुम्हाला शिकायला सोपे जाईल? उरलेल्या आठवड्यांत त्यातले जे जमेल ते करता येते, आणि आपण सांगितल्यावर काहीतरी हलले हे त्याच मुलांना दिसते. पुढच्या वेळी मग ती खरे बोलतात.

याचा नमुना शोधायला लांब जायला नको. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र १९८० च्या दशकापासून आपल्या तुळजापूरला आहे. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य नावाचा एक भाग असतो. विद्यार्थी ठरावीक दिवशी गावात किंवा संस्थेत काम करतो, काय केले आणि काय जमले नाही याची नोंद लिहितो, आणि मार्गदर्शक शिक्षक ती वाचून त्याच्याशी समोरासमोर बसून बोलतो. या पद्धतीत शिक्षकाचेही मूल्यमापन आपोआप होत असते. वर्गात शिकवलेली सहभागी पाहणीची पद्धत गावात गेल्यावर चालली नाही, तर ते पुढच्या बैठकीत समजते. परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्रप्रकल्प आले आहेत. तिथे फक्त प्रमाणपत्र जोडून घेण्याऐवजी ही नोंद वाचण्याची आणि बोलण्याची पद्धत उचलता येईल.

आता पीक कापणी प्रयोगाकडे येऊ. वर्गात त्याचा अर्थ काय? विद्यार्थ्याने प्रत्यक्ष केलेले काम बाहेरच्या माणसाने तोलून पाहणे. चिठ्ठी टाकून पाच उत्तरपत्रिका काढाव्यात, तीन लघुप्रबंध काढावेत आणि दुसऱ्या महाविद्यालयातल्या, शक्य तर दुसऱ्या विद्यापीठातल्या शिक्षकाला वाचायला द्यावेत. चिठ्ठी महत्त्वाची. पाहुण्यांसमोर वर्गातली हुशार मुलगी उभी करणे म्हणजे पाटाखालच्या वाफ्यावरून सबंध शिवाराची पैसेवारी लावणे. वाचणाऱ्याला गुण देण्याचे काम सांगू नये. त्याला एवढेच विचारावे, की या विद्यार्थ्याने स्वतः काही ताडून पाहिले आहे का, की गाईडमधले उतरवले आहे?

त्याबरोबरच मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. 'टीपा लिहा' आणि 'सविस्तर चर्चा करा' यांतच शंभर टक्के गुण संपत असतील, तर उत्तीर्णांचे प्रमाण नव्वदच्या वर गेले तरी त्यातून विद्यार्थ्याची स्मरणशक्ती तेवढी कळली. एम.एस्सी. झालेल्याला विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल वाचता येतो का, एम.ए. अर्थशास्त्र झालेल्याला सहकारी सोसायटीचा ताळेबंद समजतो का, एम.ए. मराठी झालेल्याला अनोळखी कवितेवर एक पान स्वतःचे लिहिता येते का, हे प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटच्या महिन्यात एकदा पाहावे. दोन्ही कागद एकाच पाकिटात ठेवावेत. त्यांतला फरक म्हणजे त्या वर्गाने केलेले काम.

या फरकाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या ११२ जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. नाव तेव्हा उस्मानाबाद होते. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी अशा क्षेत्रांतले ४९ निर्देशांक ठरले. गंमत अशी, की क्रमवारी लावताना कोण किती वर आहे याऐवजी कोण आपल्या मागच्या जागेवरून किती पुढे सरकला ते पाहिले गेले. मागास म्हणून हिणवण्यापेक्षा हे माप न्याय्य होते. २०१६ पासून निघणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत आपल्या भागातला एखादा छोटा विभाग पुण्या-मुंबईच्या शेजारी बसवला, तर त्याच्या हाती निराशाच येणार. पहिल्या पिढीत शिकणारी मुले घेऊन त्याने दोन वर्षांत त्यांना कुठून कुठे नेले, हा त्याचा खरा हिशेब आहे.

दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना मात्र कोणीच विचारत नाही. एक, जे मधेच सोडून गेले. दुसरे, जे पदवी घेऊन गेले.

पहिल्या सत्राला चोवीस नावे असतात आणि चौथ्या सत्राला सतरा उरतात, तेव्हा अभिप्राय सतरा जणांचाच येतो. सात जणांकडे खरे उत्तर असते. त्यांतले कोणी पोलीस भरतीच्या तयारीला गेले असेल, कोणाचे लग्न झाले असेल, कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे घर अंगावर पडले असेल, कोणाला इंग्रजी माध्यमाची धास्ती बसली असेल. यातले लग्न विभागाला थांबवता येणार नाही. पण इंग्रजीची धास्ती कमी करता येते, वेळापत्रक बदलता येते, वसतिगृहाच्या अर्जाला मदत करता येते. त्यासाठी सात फोन करावे लागतात. सातच! आपले वर्ग लहान आहेत ही तक्रार आपण नेहमी करतो. इथे ते लहान असणे आपल्या कामाला येते. चोवीस मुलांच्या वर्गाला टक्केवारीचे आलेख काढण्याची गरजच नाही. प्रत्येकाचे नाव घेऊन विचारता येते.

पदवी घेऊन गेलेल्यांचेही तसेच. माजी विद्यार्थी मेळाव्याला जे यशस्वी झाले ते येतात, सत्कार होतो, फोटो निघतो. जो तीन वर्षे घरी बसून आहे तो येत नाही. वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारावे, की सध्या काय करता, आणि आम्ही शिकवलेल्यातले काय उपयोगी पडले? 'काहीच नाही' हे उत्तर लिहून घेण्याची तयारी हवी. सेट-नेटमध्ये किती उत्तीर्ण झाले हा आकडा चांगलाच, कारण ती परीक्षा आपण घेत नाही. पण तालुक्याच्या गावी माती परीक्षणाचे काम करणारा, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचून ग्रामसभेत प्रश्न विचारणारी, हेही त्या वर्गाचेच उत्पन्न आहे. ते मोजले जात नाही म्हणून ते नाही असे होत नाही.

हे सगळे करायचे कोणी? इथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. राज्यात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहत आल्या आहेत आणि पुष्कळ ठिकाणी शिकवण्याचे मोठे ओझे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना तासावर मानधन मिळते आणि नेमणूक दरवर्षी नव्याने होते. मागच्या वर्षीच्या अभिप्रायात काय निघाले हे ज्याला माहीत नाही, पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची ज्याला खात्री नाही, आणि बैठकीच्या वेळेचे ज्याला पैसे मिळत नाहीत, त्याने विभागाच्या सुधारणेत जीव ओतावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मूल्यमापनाच्या अहवालात शिक्षकांच्या नावांपुढे त्यांच्या नेमणुकीचा प्रकार लिहिला पाहिजे, आणि या शिक्षकांना आढावा बैठकीचेही मानधन दिले पाहिजे. विद्यार्थ्यांची तक्रार 'शिक्षक बदलत राहतात' अशी असेल, तर तिचे उत्तर त्या बिचाऱ्या शिक्षकाकडे मागून चालणार नाही.

म्हणून आढावा घेतल्यावर निघालेल्या गोष्टींचे चार भाग करावेत. शिक्षक स्वतः उद्यापासून करू शकेल ते पहिले. विभाग ठरवू शकेल ते दुसरे, जसे वेळापत्रक, प्रयोगशाळेची वेळ, ग्रंथालयाची मागणी. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे न्यावे लागेल ते तिसरे, म्हणजे अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप. आणि शासनाकडेच मागावे लागेल ते चौथे, म्हणजे पदे आणि पैसा. प्रत्येक गोष्टीपुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहावी. हा एका पानाचा कागद कपाटात न ठेवता विभागाच्या दाराशी सूचना फलकावर लावावा. सहा महिन्यांनी त्याच फलकावर 'झाले', 'चालू आहे' किंवा 'जमले नाही, कारण' असे लिहावे. 'जमले नाही' हे लिहिण्यात कमीपणा नाही. विद्यार्थ्याला सगळेच मिळेल अशी त्याचीही अपेक्षा नसते. आपण लिहिलेले कोणी वाचले, एवढे त्याला कळायला हवे असते.

श्रोतेहो, आपल्यापैकी जे पालक आहेत, त्यांनाही यात करण्यासारखे काही आहे. मुलीला किंवा मुलाला पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेताना आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. आणखी तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांतले किती शेवटपर्यंत राहिले? दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आज काय करतात? आणि विद्यार्थ्यांनी सांगितल्यावरून गेल्या वर्षी तुम्ही कोणती एक गोष्ट बदललीत? चांगल्या विभागाला हे प्रश्न आवडतील. ज्या विभागाकडे उत्तरे नसतील, त्याला पुढच्या जूनपर्यंत ती तयार करावी लागतील, आणि ती तयार करण्याच्या निमित्ताने त्याला आपल्या शेतात उतरून कणसे हातात घ्यावीच लागतील.